गप्प बसायचा उन्हाळा

माझ्या आत्यानं एका उन्हाळ्यात आम्हा तिघा भावंडांना साडेपाच आठवडे गप्प बसवलं. मारलं नाही, कोंडलं नाही, भुताची भीतीही घातली नाही. आम्ही काही मुळात शांत पोरं नव्हतो. माझा भाऊ तर झोपेतसुद्धा बडबडायचा. तरी आत्यानं ते करून दाखवलं, आणि तिला ते कसं जमलं याचं मला आज पासष्टी उलटल्यावरही नवल वाटतं.

हल्ली कुणी मला विचारतं, तुमच्या वेळी टीव्ही नव्हता, मोबाईल नव्हता, मग तुम्ही पोरं दिवसभर करायचात तरी काय? मला या प्रश्नाचा आधी रागच येतो. विचारणाऱ्याला सूरपारंब्या, विटीदांडू आणि नदीत डुंबणं ऐकायचं असतं, म्हणजे मग त्याला मान हलवून 'किती छान' म्हणता येतं. पण आम्हाला नदीवर जायची बंदी होती, दुपारी बाहेर पडायची बंदी होती, आणि त्या वर्षी तर तोंड उघडायचीही बंदी होती. मूल कंटाळलं की काय करायचं, हा प्रश्न तेव्हाही होताच. तो प्रश्न माझ्या आत्याच्या गळ्यात पडला होता, आणि तिला स्वतःला मूल नव्हतं.

आमचं घर भोंगवलीत. तीन खोल्या, पुढं सोपा, त्याच्यापुढं शेणानं सारवलेलं अंगण. साठचं दशक संपत आलं होतं. आबा, म्हणजे माझे वडील, तिकडं वेल्ह्याच्या बाजूला धरणाच्या कामावर मुकादम होते आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं घरी यायचे. मी दहा वर्षांची, भाऊ आठ, धाकटी बहीण सहा. धाकटीनंतर आईची दोन बाळंतपणं झाली होती, पण घरात पाळणा काही हलला नव्हता. आता ती पुन्हा पोटुशी होती आणि आठवा महिना लागत होता.

आमच्या परीक्षा संपल्या त्याच आठवड्यात एका सकाळी आई पाण्याची कळशी घेऊन आली आणि दारातच खाली बसली. तिचं लुगडं भिजलं होतं. मला वाटलं, कळशी सांडली. शेजारच्या बाईनं रक्त बघितलं आणि मला आत ढकललं. त्या दिवशी आईला बैलगाडीत गवत घालून, गोधडी टाकून, भोरला डॉक्टरकडे नेलं. ती परत आली तेव्हा तिला आतल्या खोलीत बाजेवर निजवलं आणि पाय वर राहावेत म्हणून बाजेच्या पायाकडच्या खुरांखाली दोन-दोन विटा सरकवल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उठायचं नाही, ओझं उचलायचं नाही, जिने चढायचे नाहीत, मनाला त्रास होऊ द्यायचा नाही. आमच्या घरात जिनाच नव्हता, त्यामुळे ती एक अट तरी लगेच पुरी झाली.

निरोप मिळून आबा कामावरून आले, आणि दुसऱ्या दिवशी वरव्याहून आत्या आली. आबांची धाकटी बहीण. लग्नाला दहा वर्षं झाली होती. उंच, काटक, बोलायला फटकळ. डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवायच्या आत तिनं आबांना विचारलं, "दादा, डाक्तर काय म्हनला ते सगळं सांग. एक शबूद गाळू नगं." आबांनी सांगितलं. 'मनाला त्रास होऊ द्यायचा नाही' याचा अर्थ तिनं तिथंच, उभ्या उभ्या, लावून टाकला.

"म्हंजी दचकायचं न्हाई," ती म्हणाली. आणि मग आमच्याकडं वळून, "ऐकलं का रं? तुमच्या आयला दचकू द्यायचं न्हाई. घरात भांडं पडलं न्हाई पायजे, दार आपाटलं न्हाई पायजे, कुनी वरडलं न्हाई पायजे. न्हाईतर बाळ जाईल."

'बाळ जाईल' हे ती आमच्या तोंडावर म्हणाली. बाकीची मोठी माणसं हेच कुजबुजत होती आणि आम्ही दिसलो की गप्प होत होती. आत्यानं सरळ सांगितलं म्हणून मला ती त्या दिवसापासून आवडायला लागली. भीतीही वाटली. आपल्या एका ओरडण्यानं बाळ जाऊ शकतं, हे दहा वर्षांच्या पोरीला केवढं ओझं असतं, ते ज्याचं त्यालाच कळावं.

सकाळी आणि ऊन उतरल्यावर आम्हाला बाहेर सोडायचे. खरी अडचण मधल्या वेळेची होती. अकरापासून चार वाजेपर्यंत बाहेर पाय भाजायचे आणि तिघंही सोप्यात एकमेकांच्या अंगावर. पहिल्याच दुपारी भाऊ आणि मी एका दोरीवरून भांडलो. आत्या आतून आली, दोरी घेतली, आणि ओरडलीही नाही. तिनं भिंतीकडं बोट दाखवलं. कडेनं मुंग्यांची रांग चालली होती.

"ह्या कुठनं येत्यात आन कुठं जात्यात?" तिनं हळूच विचारलं.

आम्हाला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्याच घरात राहत होतो, पण कुणी बघितलंच नव्हतं.

"सांजंपातूर मला दावायचं. सांगायचं न्हाई, दावायचं. मला जाग्यावर न्यायचं आन बोट करायचं. मधी जो बोलला तो हारला."

भाऊ पोटावर पडून रांगेबरोबर सरकत गेला. एक टोक परसातल्या पेरूच्या बुंध्याशी निघालं. दुसरं टोक स्वयंपाकघराच्या भिंतीतून फडताळात, तिथून थेट गुळाच्या डब्यात. आत्यानं झाकण उचलून बघितलं आणि कपाळावर हात मारला. आमच्या खेळातला तिचा तो पहिला नफा. पण त्यानंतर जे झालं ते तिनं सांगितलेलं नव्हतं. धाकटीनं ओलं बोट रांगेवर आडवं ओढलं. मुंग्या थबकल्या, इकडंतिकडं फिरल्या, परत गेल्या. आम्ही तिघं एकमेकांकडं बघत राहिलो. त्या बघून चालत नाहीत तर! मग कशानं चालतात? राखेची रेघ ओढून बघितली, हळदीची बघितली, पानाचा पूल टाकून बघितला. चार कधी वाजले ते कळलंही नाही.

आत्याला लिहिता येत नव्हतं. तिला या गोष्टी कुणी शिकवलेल्या नव्हत्या. पण रोज सकाळी भाकरी थापता थापता ती आमच्यासाठी एक प्रश्न शोधून ठेवायची, आणि तो असा असायचा की त्याचं उत्तर बोलून मिळणार नाही, बघून, हुंगून किंवा हात लावूनच मिळेल. एकदा तिनं चार वाट्यांत चार मात्या आणल्या. शेतातली, वारुळाची, नीरा नदीच्या काठची आणि चुलीच्या बुडाची. आमचे डोळे बांधून नुसत्या वासावरून ओळखायला लावल्या. मी शाळेत पहिली येणारी, आणि चारातल्या तीन चुकले. सहा वर्षांच्या धाकटीनं चारही सांगितल्या, म्हणजे बोटांनी दाखवल्या. तिचं नाक असं का आणि माझं असं का, हे मला इतकं लागलं की मी आठवडाभर दिसेल ते हुंगत फिरत होते. भाऊ मला बघून पोट धरून हसायचा, तेही बिनआवाजी.

बिनआवाजी हसणं आम्ही शिकलो होतो. आमची खुणांची भाषाही तयार झाली. मनगट चाटलं की पाणी, कानाची पाळी ओढली की आत्या येतेय, नाक वर केलं की 'तू खोटं बोलतोस'. ही शेवटची खूण भावासाठी खास काढलेली होती.

आत्या मोठी बेरकी. आम्ही खेळात रंगलो की ती मागून येऊन साध्या, मोठ्या आवाजात म्हणायची, "झालं रं, सपला खेळ. बोला आता." जो बोलला तो फसला. त्याची त्या दिवशीची करवंदं गेली. ती भल्या पहाटे माळावर जाऊन ओचाभर करवंदं आणायची, आणि त्या करवंदांसाठी आम्ही काहीही केलं असतं. भाऊ पहिल्या आठवड्यात चारदा फसला. मग रडवेला होऊन त्यानं खुणेनंच विचारलं की खेळ खरा संपला हे कळायचं कसं? तेव्हा तिनं कायदा केला. ती तिघांच्या डोक्याला हात लावेल तेव्हाच खेळ संपला. तोवर ती काहीही म्हणू दे, रडून सांगू दे, बोलायचं नाही. मग ती मुद्दाम निरनिराळी सोंगं करायची. एकदा पाय मुरगळल्याचं, एकदा विंचू चावल्याचं. आम्ही तोंडावर हात दाबून बघत राहायचो, आणि ती हसून आमच्या डोक्यावर हात फिरवायची.

आईला भेटायचं ते दिवेलागणीच्या आधी. तिघांनी एकदम नाही, एकेकानं. उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकायचं, आईला बघायचं आणि निघायचं. तिथंही बोलायचं नाही, कारण आम्ही एकदा सुरू झालो की थांबणार नाही, असं आत्याचं म्हणणं. आई विचारायची, "जेवलीस का?" मी मान हलवायची. आई आणखी काहीतरी विचारेल म्हणून थांबायची, मग आत्या मागून खांद्याला हात लावायची आणि मी निघायची. एकदा धाकटीला आईकडं बघून रडू फुटलं, तर आत्यानं तिला उचलून थेट परसात नेलं. आबा शनिवारी यायचे तेही बाजेजवळ बसून खालच्या आवाजात दोन शब्द बोलायचे, आणि आत्यानं डोळे मोठे केले की उठायचे. आई आमच्याकडं फार वेळ बघायची. मला वाटायचं, आम्ही किती शहाण्यासारखे वागतोय हे ती बघतेय. मला अभिमान वाटायचा.

दुसऱ्या आठवड्यात मी आत्याबरोबर विहिरीवर गेले होते. तिथं एक म्हातारी दुसरीला म्हणत होती, आम्ही ऐकू अशा बेतानं, "जिला सोताचं पोर न्हाई तिला कशापायी बशिवली पोटुशीपाशी? दोन गेली ती काय कमी झाली?" मी आत्याकडं बघितलं. आता ही म्हातारीची चांगली हजेरी घेणार, अशी माझी खात्री होती. आत्यानं फक्त हंडा कमरेवर घेतला आणि चालायला लागली. वाटेत एकदाच म्हणाली, "वैनीला ह्यातलं कायबी सांगू नगं." त्या दिवशी घरी आल्यावर तिनं दाराच्या कड्यांना चिंध्या गुंडाळल्या, म्हणजे त्या वाजू नयेत. कोंबड्या शेजारी नेऊन ठेवल्या. त्यानंतर ती करवंदं आणायला आणखी लांब जायला लागली. हे बाळ जगलं नाही तर गाव कुणाकडं बोट दाखवणार, हे मला त्या वयातही कळलं.

वैशाखातली गोष्ट. आत्यानं अंगणाच्या मधोमध हातभर लांबीची एक काठी रोवून दिली आणि सांगितलं, हिची सावली दिवसात सगळ्यांत बारकी कधी होते, नि केवढी होते, ते बघून ठेवा. हे काम सोप्यात बसून जमायचं. पाळीपाळीनं एकजण पळत उन्हात जायचा, सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा आणि पाय झाडत परत यायचा. खड्यांची कमान तयार झाली. भर दुपारी सावली घराच्या बाजूला पडायची, जेमतेम तीन बोटं. दुसऱ्या दिवशीही तेच, असं आम्ही धरून चाललो होतो. पण दोन दिवसांनी ती अडीच बोटं झाली. भावानं नाक वर केलं. त्याला वाटलं, मी खडा सरकवला. मी त्याला चिमटा काढला. मग आम्ही ठरवलं की काठी कललीये. दोऱ्याला दगड बांधून काठीशेजारी धरून बघितला. काठी सरळ होती.

सावली रोज आखडत गेली. दोन बोटं, एक बोट, नखभर. आम्ही आत्याला खेचत बाहेर आणलं आणि दाखवलं. तिनं कमरेवर हात ठेवून, वाकून बघितलं. माझ्या आयुष्यात त्याआधी मोठं माणूस असं कधी म्हणालेलं नव्हतं. ती म्हणाली, "असं का व्हतंय ते मला बी न्हाई ठाव."

आणि एका दुपारी काठीला सावलीच नव्हती. आम्ही तिघं काठीभोवती उकिडवे बसलो होतो. सगळ्या बाजूंनी बघितलं. भावानं काठीच्या बुडाशी बोट फिरवलं. सावली गेली होती, ऊन तर मरणाचं होतं. भावानं सदऱ्याची बाही दातात धरली होती आणि तो उभ्या जागी थयथय नाचत होता. धाकटी दोन्ही हातांनी तोंड दाबून गोल गोल फिरत होती. मी धावत आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आईला सांगायचं होतं. जगात एवढं मोठं काहीतरी झालं होतं आणि ते आईला माहीत नव्हतं. दाराशी आत्या उभी होती. तिनं मान हलवली, नाही म्हणून. मी परत फिरले. ती दुपार मला अजून टोचते.

दोन-तीन दिवसांनी सावली परत आली, पण उलट्या बाजूला, रस्त्याकडं. आमची मतं तीन झाली. भावाच्या मते सूर्य चुकला होता. धाकटीच्या मते काठी वाढत होती. मला वाटत होतं, सूर्य घरावरून पलीकडं जातोय, पण असं म्हणायलाही मी घाबरत होते. शाळा उघडल्यावर गुरुजींना विचारायचं ठरलं. गुरुजींनाही ते नीट सांगता आलं नाही, हा भाग निराळा.

साडेपाच आठवडे झाले होते. आईला चार दिवसांनी एसटीनं भोरला नेऊन तिथंच ठेवायचं, असं आबा शनिवारी ठरवून गेले होते. मंगळवारी सकाळी आत्यानं मला उठवलं आणि कानात सांगितलं, "पळ. सुईनबाईला बोलीव. पळताना वरडू नगं."

सुईणबाई आली. म्हातारी होती, पण हात दणकट. दार लागलं. आत्यानं आम्हाला सोप्यात बसवलं, पुढ्यात चिंचोक्यांची रास ओतली आणि सांगितलं, आज एकच काम, लहानापासून मोठ्यापर्यंत सगळे चिंचोके रांगेत लावायचे. आणि आजचा खेळ सगळ्यांत मोठा. आज जो जिंकेल त्याला ओचाभर करवंदं एकट्याला.

आम्ही लावत बसलो. आतून आईचं कण्हणं येत होतं, दबलेलं, पदर तोंडात धरल्यासारखं. तीसुद्धा खेळत असल्यासारखी. ऊन अंगणभर पसरलं. कण्हणं वाढलं, मग एकदा आई मोठ्यानं ओरडली, आणि मग सगळं थांबलं. चिंचोके तसेच आमच्या हातात राहिले. बाळ झालं की रडतं, हे आम्हाला माहीत होतं. कुणी रडेना.

मग आत्याचा आवाज आला. "ताट! ताट वाजवा गं!"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. भावानं तोंडावर बोट ठेवलं आणि मला डोळा मारला. तो चारदा फसलेला होता, आता फसणार नव्हता.

"वाजवा की! वरडा! आरं वरडा की रं!"

धाकटीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. मी मोठी होते. त्या आवाजात काहीतरी निराळं होतं, हे मला कळलं होतं, आणि तरी मी हलले नाही. आत्या आज काय झकास सोंग करतेय, असं माझ्या मनात आलं. हे लिहिताना मला अजून लाज वाटते. मूल जन्मल्यावर रडलं नाही तर त्याच्या कानाशी काशाचं ताट वाजवतात, ही रीत गावात सगळ्यांना ठाऊक होती. आम्हा तिघांना मात्र कुणी सांगितली नव्हती. आम्हाला फक्त गप्प बसायचं माहीत होतं.

दार उघडलं. आत्या बाहेर आली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत माखलेले होते. ती माझ्यासमोर बसली, हात वर धरले, आणि हात लावता येईना म्हणून तिनं आपलं कपाळ माझ्या डोक्यावर आपटलं. मग भावाच्या. मग धाकटीच्या. "सपला," ती म्हणाली. "देवाशपथ सपला. वाजवा."

मी उठले ती फडताळावर आदळले. काशाचं ताट काढलं, हाताला लागली ती लोखंडी पळी घेतली आणि बडवत आत शिरले. भावानं रॉकेलचा रिकामा डबा उचलला. धाकटीकडं वाजवायला काही नव्हतं, ती नुसती किंचाळत होती. काय आवाज होता तो! साडेपाच आठवड्यांचं भांडण, हसणं, मुंग्या, सावली, सगळं त्यात होतं. सुईणबाईच्या हातात निळसर काहीतरी उलटं लोंबत होतं आणि ती त्याची पाठ चोळत होती. मला पुढचं दिसेना, डोळे भरले होते. मी बडवत राहिले. मग सुईणबाईनं एक हात वर केला. आम्ही थांबलो. खोलीत एक बारीक, किरटं रडणं चाललं होतं, आणि आमच्या गोंगाटात ते कधी सुरू झालं ते कुणालाच कळलं नव्हतं.

पुढं डॉक्टरीण झालेल्या भाचीला मी विचारलं, ताटानं मूल रडतं का गं? ती म्हणाली, नाही मावशी, पाठ चोळल्यानं रडतं. असेल. तिला आमचं ताट ऐकू आलेलं नाही.

संध्याकाळी आम्हाला आत बोलावलं, पहिल्यांदाच तिघांना एकदम. बहीण झाली होती. आईच्या कुशीत धडुत्यात गुंडाळलेली, नुसतं कपाळ दिसत होतं. आम्ही सवयीनं उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं, बघितलं, आणि निघायला लागलो.

"कुठं निगाला?" आई म्हणाली. "आता तरी बोला की माज्याशी."

मी कुजबुजले, "आई, ती कशी हाय?"

"मोठ्यानं बोल," आई म्हणाली, आणि एकदम रडायला लागली. "महिना झाला, तुमचा आवाज कानावर न्हाई. घरात पोरं हायत का न्हाईत ते कळायचं न्हाई. सांजचं एकेक यायचा, उंबऱ्यात उबा ऱ्हायचा, बघायचा आन जायचा. ही बारकी रडली तर हिला उचलून न्हेली. तुमचं आबा बी तसंच, दोन शबूद बोलून उठायचं. म्या म्हनलं, डाक्तरानं ह्यास्नी कायतरी सांगितलंय. म्या काय आता ह्यातनं उठत न्हाई. म्हनून पोरास्नी त्वांड बघाय आनत्यात."

आत्या दाराशी शेगडी घेऊन आली होती. तिनं शेगडी खाली ठेवली.

"वैनी, तसं न्हवतं वो," ती म्हणाली. "तुमी दचकू ने म्हनून..."

"पोरांच्या आवाजानं कशाला दचकंल आय, वन्सं? पोरं गप झाली की भ्या वाटतं."

आत्या तिथंच जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मला कुठनं ठाव आसायचं ते, वैनी?"

आईनं तिच्याकडं बघितलं. मग कोपरावर रेलून, सुईणबाई नको नको म्हणत असताना, तिनं बाळ उचललं आणि आत्याच्या मांडीवर ठेवलं. बाळानं डोळे मिटूनच तोंड वाकडं केलं आणि रडायला लागलं. सुईणबाई म्हणाली, "हालीव गं जरा, गप करं तिला."

आत्यानं हलवलं नाही. ती तशीच बसून राहिली, बाळाच्या तोंडाकडं बघत. "रडू द्या," म्हणाली.